जिच्या बांधावर, तिचं नाव

विमल गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, तेही तिकीट फाडता फाडता. भंडाऱ्याहून अड्याळला परत येत होते, मांडीवर वांग्यांची पिशवी, आणि तो म्हणतो, "बाई, ते तुमची फुलंवाली नर्सबाई गेली नं जी, मोहाडीकडं. परवाच्या दिवशी." एवढं बोलून पुढच्या सीटकडे सरकला. मला रडू आलं नाही. चीड आली. आधी त्या कंडक्टरची, मग तिच्या भावाची, की याला एक माणूस पाठवता आला नाही, एक कार्ड टाकता आलं नाही... आणि अड्याळ येईपर्यंत ती चीड फिरून माझ्याच उरावर येऊन बसली. कारण दिवाळीच्या सुट्टीत मी तिला भेटून आले होते, आणि तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती मी केली नव्हती.

आजारी रजा घेऊन ती भावाच्या घरी पडून होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हातांच्या नुसत्या काड्या. खाटेखाली दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. बोट त्यांच्याकडे करून म्हणाली, "ह्या दोन्ही आताच घेऊन जा वं मास्तरीण. शाळेत ठेव. पोरींना दाखव, त्यायच्या आज्यायची नावं आहेत त्याच्यात." मी म्हटलं, "आत्ता कुठे नेऊ? बसला गर्दी काय मरणाची आहे! नाताळात येते, तेव्हा नेते." त्यावर ती म्हणाली, "नाताळ माह्या हातात आहे का?" मी तिलाच झापलं, सणासुदीचं अभद्र बोलू नये म्हणून. मग तिच्या वहिनीनं दिलेल्या चकल्या खाल्ल्या, चहा घेतला आणि निघाले. हे लिहितानाही स्वतःची शिसारी येते.

त्र्याहत्तर साली मी अड्याळच्या शाळेत रुजू झाले तेव्हा शेजारच्या खोलीत विमल राहायची. उपकेंद्राची नर्स. ठेंगणी, सावळी, काखेत छत्री, खांद्यावर पिशवी. मोठ्या गावांना एसटी जायची, बाकी गावं तिच्या पायांनाच. रोज सात-आठ मैल सहज. मी भंडाऱ्याच्या बाजारातली, भांड्यांच्या ठोक्यांत वाढलेली. मला चिखलाची, शेणाची, गोचिडांची, सगळ्याची किळस. तरी रविवारी ती मला ओढून न्यायची, आणि मी नाकाला पदर लावून, शिव्या घालत तिच्या मागून चालायची. बांधावर काही उमललेलं दिसलं की ती थांबे. मग ते भले करडईच्या दाण्याएवढं का असेना. उन्हातान्हात दहा-दहा मिनिटं उकिडवी बसून राही. मी म्हणे, "विमल, हात जोडले बाई तुला, चल आता!" ती म्हणे, "थांब नं वं, पळून जाऊन राहिलं का आभाळ?"

तिचा एक नेम होता. फुलाचं नाव पुस्तकात बघायचं नाही, मास्तरला विचारायचं नाही, वैद्याला तर नाहीच. ज्या बांधावर ते उगवलं, तिथं राबणाऱ्या बाईला विचारायचं. ती सांगेल ते नाव. मग एकच फांदी घ्यायची, दवाखान्यातल्या जुन्या रजिस्टराच्या कोऱ्या पानांत दाबायची, वर पाटा ठेवायचा. आठ दिवसांनी सुकली की कागदावर दोऱ्यानं टाचायची आणि खाली चार गोष्टी लिहायच्या. फुलाचं नाव, जागा, महिना, आणि सांगणाऱ्या बाईचं नाव. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही, नुसतं तिचं. अक्षर मात्र गिचमिड. मी शिक्षकी थाटात सांगायची की जरा रेघा मारून लिही. ती म्हणायची, तू तुझ्या पोरांच्या पाट्या बघ.

तिच्या नादानं मला वर्ष कळायला लागलं, हे खरं. माघ-फाल्गुनात पळस आणि धायटी, मग पहाटे मोहाचा तो गोड, जड, डोकं धरणारा वास, वैशाखात बहावा, त्याच्या आगेमागे कुड्याची पांढरी फुलं. पाऊस मुरला की रानहळद. श्रावण-भादव्यात तेरडा, तरोटा, कळलावी, आश्विनात कुर्डूचे गुलाबी तुरे. धान कापून झाल्यावर त्या उघड्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गोरखमुंडीचे जांभळे गोंडे. मला वाटायचं धान निघालं की शेत रिकामं झालं. विमल म्हणायची, रिकामं तुह्या डोळ्याले दिसते. लाखोळीचं निळं फूलही तिनं टाचलं होतं. मी म्हटलं, ते तर पीक आहे! तर म्हणे, पिकाले काय फूल नसते?

आणि सगळी फुलं काही देखणी नसतात, बरं का. एका जून महिन्यात ती मला एका तळ्यामागच्या जंगलात घेऊन गेली. लांबूनच वास आला. मेलेल्या जनावराचा. मी म्हटलं, इथे काहीतरी मरून पडलंय, परत फिर. ती मुकाट पुढे. झुडपांमागे जमिनीतून नुसतंच एक फूल वर आलेलं, पान नाही, फांदी नाही. काळपट तांबडं, मांसाच्या रंगाचं, हाताच्या पंजापेक्षा मोठं, आणि त्यावर माशा घोंघावत होत्या. जंगली सुरण. शी! मी तिथेच सकाळचे पोहे ओकले. आणि ही बया गुडघ्यावर बसून, नाकसुद्धा न मुरडता, पेन्सिलीनं त्याचं चित्र काढत होती, कारण ते दाबून सुकणारं नव्हतं. माझ्या पाठीवर हात फिरवत हसली, "अवं, माशीले तेच पायजे. तुह्यासाठी कायले वास मारन थे?" मला तेव्हा तिचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. तिला फरक पडला नाही. रक्त, पू, बाळंतिणीची घाण, सगळ्यात ती कोपरापर्यंत हात घालायची. तेच हात घरी येऊन साबणानं धुवून भाकरी थापायची आणि मला वाढायची. मी खायचे. आधी काही दिवस डोळे मिटून.

पण एक काळ असा आला की तिलाही स्वतःची किळस आली. आणीबाणीत वरून आकडे यायचे. महिन्याला नसबंदीच्या अमुक केसेस आणा, नाहीतर पगार अडेल. बाई नाही, माणूस नाही, केस! विमलनंही काही आणल्या. तिनं ते कधी नाकारलं नाही आणि मीही इथे लपवणार नाही. त्या दिवसांत पांढरी साडी लांबून दिसली की बाया तुरीत शिरायच्या. ती संध्याकाळी खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. "मले पाहून बाया पळतेत वं. मी काय हडळ आहे?" ते सगळं संपलं तरी दारं उघडेनात. पोटुशी बाई सुई घ्यायला येईना. एका गावात एक पोर बाळंतपणात अडून अडून मेली, पण तिच्या घरच्यांनी विमलला बोलावलं नाही. पंचवीस-तीस पावलांवरच्या घरात ती त्या वेळी बाळाला लस टोचत होती. मागाहून कळलं तेव्हा तिनं दोन दिवस अन्न गिळलं नाही.

त्यानंतरच्या भादव्यात ती त्याच गावच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नुसती जाऊन बसायला लागली. तिथे झुडपावर कळलावी चढलेली, लाल-पिवळ्या वाकड्या पाकळ्यांची. निंदण करणाऱ्या बाया लांबून बघत. एक दिवस यमुनाबाई आली. यमुनाबाई म्हणजे त्या गावची सुईण. विमल आल्यापासून तिचं नि विमलचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती भांडायलाच आली होती. मी शेजारी होते म्हणून शब्दन् शब्द आठवतो.

"काहून बसली वं अथी? कोणाले पकडाले?"

"ह्या फुलाचं नाव इचाराले."

"तुह्या दवाखान्यात नाई का ह्याचं नाव?"

"नाही."

कपाळ माझं! शेतकऱ्याची पोर ती, तिला कळलावी ठाऊक नव्हती? पण तोंडावरची रेघ हलू दिली नाही. यमुनाबाई खाली बसली. अडलेल्या बाईला ह्याचं मूळ बांधतात, बाळ बाहेर आलं की त्या क्षणी सोडायचं, नाहीतर जीव जातो, हे सगळं तिनं सांगितलं. जहर आहे, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नको, असंही दरडावलं. विमलनं पिशवीतून कागद काढून लिहिलं. यमुनाबाईनं मान लांब करून विचारलं, "काय लिवलं?" विमल म्हणाली, "तुमचं नाव." "माहं कायले? माह्या मालकाचं लिव." त्यावर विमल म्हणाली, "फूल काय मालकानं सांगितलं?" यमुनाबाई हसली. मी त्या बाईला त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या बाळंतपणाला तिनंच विमलला हाक मारली. मुळाबद्दल दोघी शेवटपर्यंत भांडत राहिल्या, पण एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून. हळूहळू बाकीच्याही बाया बोलायला लागल्या, आणि पेटी भरायला लागली.

लोकांनी तिला काय कमी नावं ठेवली? फुलं हुंगणारी नर्स. येडी. एकटी बाई रानात काय करते, कोण भेटतं तिला. तिच्या एका साहेबानं तर भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, "बाई, लसीकरणाचे आकडे आणलेत की गजरा?" आणि सगळे खो खो हसले. ती खाली बघत राहिली. मी असते तर त्याच्या टेबलावरची शाई त्याच्या शर्टावर ओतली असती. नाही, खोटं कशाला बोलू, मीही काही केलं नसतं, घरी येऊन तणतणले असते. पुढे ऐंशीनंतर तिची बदली मोहाडीकडे झाली. मी सुट्ट्यांत जायची. एका पेटीच्या दोन झाल्या. चारशेवर कागद, चारशेवर बाया. ती म्हणायची, सरकारी दप्तरात ह्या सगळ्या 'केस' म्हणून आहेत, एका ठिकाणी तरी नावानं असू दे.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पोचले. अस्थी नेऊन झाल्या होत्या. पेट्या खाटेखाली तशाच होत्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. हात पुढे केला असता तर कोणी अडवलं नसतं. पण सुतकाच्या घरातून सामान उचलायचं? लोक काय म्हणतील, मैत्रीण टपूनच बसली होती! जन्मभर लोकांना नाकं मुरडणारी मी, त्या दिवशी लोकांना भ्याले. तेरवी झाली की नेऊ, असा विचार केला. बरं, त्यात काय आहे ते तरी त्या घरात कोणाला सांगावं? तेही नाही.

तेरवीला गेले तर खाटेखाली सारवलेली ओली जमीन. विमलची वहिनी, पारबताबाई, पंगतीला वाढत होती. मी तिचा हात धरून तिला कोपऱ्यात नेलं. पेट्या कुठे आहेत? ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "शिरवल्या नं जी." मला आधी कळलंच नाही. गणपती शिरवतात, अस्थी शिरवतात... पेट्या? मग तिनं सांगितलं. दहाव्याला घर सारवायचं म्हणून पेट्या उघडल्या, तर आत फुलंच फुलं. प्रत्येक फुलाखाली काहीतरी लिहिलेलं. तिला अक्षर येत नाही. तिला वाटलं मंत्र असतील. नणंद एवढ्या बायांचे जीव सोडवत होती, एकेका बाळंतपणाला देवाला फूल वाहिलं असेल, जपून ठेवलं असेल. देवाचं फूल उकिरड्यावर टाकता येत नाही, चुलीत घालता येत नाही, पायदळी तर येऊच नये. ते पाण्यातच जायला हवं. गावातल्या जुन्या माणसांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. मग ती दोन्ही पेट्या घेऊन एसटीनं भंडाऱ्याला गेली, तिथून रिक्षानं वैनगंगेच्या घाटावर. अनवाणी. निरांजन लावलं. "एकेक कागद सोडला जी. गठ्ठा नाई फेकला. दुपार झाली मले." तिनं हे असं सांगितलं, की मी तिला शाबासकी देईन अशी तिची खात्रीच होती.

मी काय बोलले? मी म्हटलं, "अडाणी ते अडाणीच राहिलात तुम्ही!" पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. पारबताबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती हळूच म्हणाली, "भलाईनंच केलं जी. तुमाले ठाऊक होतं, त मले सांगितलं काऊन नाई? दिवाळीले आल्या होत्या, तिसऱ्यालेबी आल्या होत्या..." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते. मी न जेवता बाहेर पडले.

तिथेच बाहेर मंडपात शोकसभा होती, म्हणून निघताही येईना. फोटोभोवती प्लॅस्टिकची गुलाबं. भाड्यानं आणलेली, धूळ बसलेली, एका गुलाबाला तर मागच्या कुठल्या लग्नाची चमकी चिकटलेली होती. विमलच्या फोटोला! आणि पहिल्यांदा बोलायला उभा कोण राहिला? तोच गजरेवाला साहेब. आता निवृत्त झालाय. म्हणे, "विमलताई म्हणजे मानवतेच्या बागेतलं एक फूल." मग कोणीतरी त्या शिरवलेल्या फुलांची गोष्ट सांगितली, भक्तीची थोर गोष्ट म्हणून, आणि माणसांनी डोळे पुसले. विमलनं आयुष्यात देवाला फूल वाहिलेलं मी पाहिलं नाही. मला त्या साहेबाची किळस आली, त्या चमकीची आली, डोळे पुसणाऱ्यांची आली. मलाही 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, 'विमल माझी मैत्रीण होती' म्हणाले आणि बसले. खरं सांगायला गेले असते, तर पारबताबाई त्या सगळ्यांच्या देखत गुन्हेगार ठरली असती. आणि गुन्हेगार ती नव्हती. तिनं त्या कागदांसाठी एक अख्खी सकाळ पाण्यात उभं राहून काढली. मला एसटीतल्या गर्दीत त्या पेट्या मांडीवर घ्यायचा कंटाळा आला होता.

आता माघ चालू आहे. गेल्या रविवारी मी एकटीच रानात गेले. कोणी ओढत नेलं नाही, तरी. बांधीत गोरखमुंडी फुलली होती. तो उग्र वास मला अजूनही आवडत नाही. लाखोळी उपटायला बाया लागल्या होत्या आणि त्यांत यमुनाबाई होती. फार म्हातारी झाली आहे, पण कंबरेत वाकलेलीच असल्यानं कामाला बरं, असं तीच म्हणते. मला पाहून उठली. विमलचं तिला कळलं होतं. हातातली लाखोळी झटकत राहिली. मग म्हणाली, "नर्सबाईच्या कागदावर माहं नाव होतं जी. माही नात तुमच्याच वर्गात आहे. तिले सांगतो त हासते, म्हणते, तुहं नाव कोण लिवते बुढे! एखांद दिवस दाखवजा तिले. हाये नं जी थे कागद?"

विमल असती तर तिनं खरं सांगितलं असतं, मला माहीत आहे. केसेस आणल्याचंही तिनं बायांना तोंडावर सांगितलं होतं. मी त्या म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "आहे. आहे ना."

घरी आले. जुन्या हजेरीच्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि रेघा न मारता लिहिलं. कळलावी. तळ्याची पाळ. भादवा. सांगणारी, यमुनाबाई. वर फुलासाठी जागा सोडली. ती जागा रिकामी आहे, कारण कळलावीचा कंद आत्ता मातीत आहे, वर पानसुद्धा नाही. काल मधल्या सुट्टीत ती पोरगी टेबलाशी येऊन उभी राहिली, "बाई, आजीचा कागद आणला का?" मी म्हटलं, शोधते आहे. भादव्याला अजून सात महिने आहेत.